पोटातल्याचं टेन्शन

मला सातवा लागला तेव्हा सासूबाईंनी टीव्हीचा रिमोट ताब्यात घेतला. बातम्या बंद. ज्या मालिकेत कुणी कुणाच्या चहात काहीतरी कालवतं ती मालिका बंद. नवऱ्याने माझ्या फोनमधले कॉलेजचे सगळे ग्रुप मला न विचारता गप्प करून टाकले आणि वर म्हणाला, तुझ्याच भल्यासाठी. जुईनगरच्या आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये भेटणारी प्रत्येक बाई आधी पोटाकडे बघायची आणि मग म्हणायची, अजिबात टेन्शन घेऊ नकोस हं. वॉचमनच्या बायकोपासून सेक्रेटरींच्या आईपर्यंत सगळ्यांचं याबाबतीत एकमत होतं. ज्या सोसायटीत पार्किंगवरून दर रविवारी जुंपते तिथे एवढं एकमत मी नंतर कधी पाहिलं नाही.

आईचं टेन्शन बाळाला लागतं, असा एकूण सिद्धांत होता. विरजण लागतं तसं ते लागत असावं, असं त्यांच्या बोलण्यावरून वाटायचं. मला राग यायचा, आणि तो यायचं खास कारण होतं. हा विषय माझा होता.

मी गुरांची डॉक्टर. आता एका नर्सिंग कॉलेजात शरीराचं कामकाज कसं चालतं ते मुलींना शिकवते, पण मूळ शिक्षण पशुवैद्यकाचं. लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी नातेवाइकांना 'सून डॉक्टर आहे' एवढंच सांगितलं होतं आणि कशाची, हे जेवणं आटपेपर्यंत लांबवलं होतं. पुढच्या पदवीसाठी मी जो अभ्यास केला तो पोटातल्या कोकरांचा. मेंढीच्या पोटातल्या कोकराला प्राणवायू कमी पडला की त्याच्या रक्तातली ताणाची संप्रेरकं कशी वागतात, हा प्रश्न. मोठ्या प्रयोगशाळांत गाभण मेंढीच्या पोटातल्या कोकराच्या रक्तवाहिनीत बारीक नळी ठेवून हे बघतात. आमच्याकडे तेवढी साधनं कुठली? आम्ही विणीच्या हंगामात देशावरच्या एका मेंढीफार्मवर मुक्काम ठोकायचो. कोकरू बाहेर आलं की लगेच नाळेतलं रक्त घ्यायचं, बर्फात ठेवायचं आणि त्यातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं मुख्य संप्रेरक, मोजायचं. सहज जन्मलेली कोकरं एका बाजूला, अडलेली दुसऱ्या. अडलेलं कोकरू ओळखायला यंत्र लागत नाही. त्याची लोकर पिवळी झालेली असते, कारण आत घुसमट झाल्यावर त्याने आतच शी केलेली असते. ते बाहेर येतं, थोडा वेळ तसंच पडून राहतं, मग डोकं झटकतं आणि पाय झाडायला लागतं. अशांच्या रक्तात कॉर्टिसोल चढलेलं सापडायचं.

त्या कोकरांपासून आणि पुस्तकांतून मी जे शिकले ते सांगायला फार अवघड नाही. पोटातल्या जिवाला मुळातच हवा कमी असते. तेवढ्या हवेत तुम्ही-आम्ही धापा टाकत खाली बसू, तेवढ्यावर तो हाडं धरतो. त्यातूनही कमी पडली की त्याच्या मानेतल्या रक्तवाहिनीपाशी असलेल्या पेशींना ते पहिल्यांदा कळतं. हृदय सावकाश चालायला लागतं. हातापायांकडे आणि आतड्यांकडे जाणारं रक्त आखडतं, मेंदू आणि हृदयाकडे वळतं. आणखी एका जागी वळतं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन चिमुकल्या अॅड्रिनल ग्रंथी असतात, त्यांच्याकडे. तिथून अॅड्रिनलिन सुटतं, मागोमाग मेंदूचा हुकूम येतो आणि कॉर्टिसोल चढतं. हे कॉर्टिसोल त्याने स्वतः तयार केलेलं असतं. आईच्या रक्तातलं कॉर्टिसोल त्याच्यापर्यंत जाताना वाटेत वार, म्हणजे प्लॅसेंटा, लागते आणि ती त्यातलं बरंचसं निकामी करून टाकते. थोडं झिरपतं, नाही असं नाही. महिनोन्‌महिने मार खाणाऱ्या, उपाशी राहणाऱ्या बाईबद्दल मी असं हलकेपणाने बोलणारही नाही. पण आईने बातम्यांत अपघात पाहिला म्हणून कुणाचं बाळ आत नासत नाही.

हे सगळं मी एकदा जेवताना समजावून सांगितलं. सासूबाईंनी भात कालवत शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते मेंढ्यांचं झालं."

सातवा सरत आला तेव्हा माझं डोहाळजेवण ठरलं. रविवारी, सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये. आदल्या दिवशी, शनिवारी, सोनोग्राफी होती. सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाई आधी गप्पा मारत होत्या, साडी कुठली घेतली वगैरे. मग त्या गप्प झाल्या. पोटावर एकाच जागी बराच वेळ यंत्र फिरवत राहिल्या. पडदा त्यांच्याकडे वळवलेला, मला काही दिसत नव्हतं. नाळेतला प्रवाह कसा आहे, असं मी विचारलं. रिपोर्ट थेट तुमच्या डॉक्टरांना पाठवते, त्याच तुमच्याशी बोलतील, असं त्या म्हणाल्या. मी घरी आले आणि फोनची वाट बघत बसले. फोन आला नाही, तेव्हा सगळं ठीक असणार असं मी धरून चालले.

फोन आला होता. दवाखान्यात नाव घालताना काउंटरवरच्या मुलीने मिस्टरांचा नंबर द्या म्हटलं होतं आणि आम्हीही मुकाट्याने दिला होता. त्यामुळे तो नवऱ्याला गेला. तिथल्या तरुण डॉक्टरने त्याला सांगितलं की नाळेतला रक्तप्रवाह बराच कमी दिसतोय, बाळ दिवसांच्या मानाने लहान आहे, उद्या सकाळीच घेऊन या, ठेवून घ्यावं लागेल. तोवर बाळाच्या हालचालींवर त्यांना नीट लक्ष ठेवायला सांगा. आणि फोन ठेवताना, सवयीने असेल, तो म्हणाला, "त्यांना फार टेन्शन देऊ नका." नवरा हे सगळं घेऊन आईकडे गेला. त्या दोघांनी मिळून एवढ्या मोठ्या बोलण्यातलं शेवटचं वाक्य तेवढं तंतोतंत पाळायचं ठरवलं. उद्याचा कार्यक्रम होऊ दे. सोमवारी नेऊ. तोवर तिला काही कळता कामा नये. हसत-खेळत राहिली की बाळही खूश राहील.

शनिवारी संध्याकाळी सासूबाई माझ्याशी इतक्या गोड वागायला लागल्या की मला खरं तर तेव्हाच संशय यायला हवा होता. कपडे वाळत घालताना मला उठू दिलं नाही. मुगाची खिचडी नको म्हटलं तर काही न बोलता थालीपीठ लावलं. नवरा मधूनमधून माझ्याकडे बघायचा आणि मी बघितलं की पंख्याकडे बघायचा. मला वाटलं, खर्चाच्या काळजीत असेल.

रविवारी क्लबहाउसमध्ये झोपाळा सजवला होता. मला हिरवी साडी नेसवली, डोक्यावर फुलांचा मुकुट, हातात फुलांच्या बांगड्या आणि फुलांचंच धनुष्य. घणसोली गावातून मावशी आल्या होत्या, म्हणजे सासूबाईंची थोरली बहीण, पाटीभर करंज्या घेऊन. सोसायटीच्या बायका जमल्या, कुणीतरी ढोलकी आणली, गाणी सुरू झाली. सगळ्या हौसेने झोका देत होत्या आणि मी फोटोसाठी हसत होते. हसता हसता माझ्या लक्षात आलं की सकाळच्या चहापासून बाळ हललेलं नाही. एरवी ढोलकी तर सोडाच, कुकरची शिट्टी झाली तरी ते आतून लाथ मारायचं. मी थंडगार कोकम सरबत मागून घेतलं, एका दमात प्यायले आणि पोटावर हात ठेवून वाट बघितली. काही नाही.

तेवढ्यात नणंद माझी वेणी सारखी करायला वाकली. ती स्वभावाने भाबडी, पोटात काही राहत नाही. ती कानात म्हणाली, "वहिनी, उद्या अॅडमिट केलं तरी घाबरू नकोस हं. आम्ही सगळे आहोत."

मी पाय टेकवून झोपाळा थांबवला. झोका देणाऱ्या बाईला वाटलं मला गरगरलं. नवरा दाराशी कॅटररशी बोलत उभा होता. मी तिथूनच, सगळ्या बायकांच्या डोक्यावरून, त्याला हाक मारली आणि काल डॉक्टर काय म्हणाले ते सांग म्हटलं. ढोलकी थांबली. त्याने आईकडे बघितलं.

"आईकडे नको बघूस. माझ्याकडे बघ आणि सांग."

त्याने सांगितलं. भर क्लबहाउसमध्ये, सगळ्यांसमोर, पंख्याकडे न बघता सांगितलं, एवढं मी त्याच्या खात्यावर जमा धरते. सासूबाई लगबगीने पुढे आल्या. उद्या सकाळी जायचंच आहे, आज ओटी तेवढी भरून घेऊ, तू टेन्शन घेऊ नकोस, बाळाला त्रास होईल. मावशी म्हणाल्या, निदान वाटी तरी उचल. समोर पाटावर दोन वाट्या झाकून ठेवलेल्या होत्या, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. मुलगा की मुलगी ते बघायची सगळ्यांना घाई होती. आत जे कुणी आहे ते जिवंत आहे का, हे आधी बघू या, असं मी म्हटलं. माझ्या तोंडून ते फार मोठ्याने निघालं. एक-दोघींनी पदर तोंडाला लावला.

मला आजही त्या गोष्टीचा संताप येतो. बाळ हलतंय की नाही हे कळायचं त्या घरात एकच यंत्र होतं, आणि ते मी होते. डॉक्टरने ते चालू ठेवा म्हणून सांगितलं होतं. यांनी प्रेमाने त्याची वायर काढून ठेवली. वाईट मनाने केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. इथे सगळे माझ्या भल्यासाठीच रांगेत उभे होते.

मी साडी बदलायला थांबले नाही. नवऱ्याने गाडी काढली आणि आम्ही नेरूळच्या हॉस्पिटलात पोहोचलो तेव्हा डोक्यावर मुकुट तसाच आणि हातात धनुष्यही तसंच होतं. सिक्युरिटीवाल्याने धनुष्य बाहेर ठेवायला सांगितलं. मी ते त्याच्याच टेबलावर ठेवलं. आत नर्सने पोटाला पट्टे बांधले, यंत्र चालू केलं आणि खोलीत ठोके ऐकू यायला लागले. सावकाश, पण येत होते. मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले, मुकुटातल्या शेवंतीच्या पाकळ्या उशीवर पडत होत्या. नर्स म्हणाली, मॅडम, रडू नका, बाळाला... मी तिच्याकडे असं बघितलं असणार की तिने वाक्य तिथेच सोडलं.

थोड्या वेळाने माझ्या डॉक्टरबाई आल्या. वयाने मोठ्या, हात हलका, बोलणं थोडं. त्यांनी यंत्राचा कागद बघितला आणि नवऱ्याला म्हणाल्या, मिस्टर, जरा बाहेर या.

"इथेच बोला," मी म्हटलं. "पोट माझं आहे."

 त्या स्टूल ओढून माझ्या जवळ बसल्या आणि मलाच सगळं सांगितलं. वार नीट काम करत नव्हती. हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मध्ये नाळेतला प्रवाह जवळजवळ थांबत होता. बाळाने रक्त मेंदूकडे वळवलेलं सोनोग्राफीच्या डॉपलरमध्ये दिसत होतं, म्हणून ते वाढीत मागे पडलं होतं आणि हालचालही आवरती घेत होतं. पण अजून टिकून होतं. फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची दोन इंजेक्शनं द्यायची, एक आज, एक उद्या, आणि परवा सिझेरियन करून बाळाला बाहेर काढायचं. मध्येच ठोके बिघडले तर थांबायचं नाही, लगेच काढायचं.

भीती वाटली का? वाटली.  पण भीतीच्या बरोबर आणखी एक गोष्ट वाटली, ती लपवायचं मला कारण दिसत नाही. मला त्या जिवाचा अभिमान वाटला. मी ज्याच्यावर प्रबंध लिहिला ते सगळं तो माझ्याच पोटात बसून करत होता, आणि मला न विचारता. गेले कित्येक दिवस त्याला रेशन कमी मिळत होतं. त्याने हातापायांचं कमी केलं, मेंदूचं राखलं. अशी कोकरं असतात. विरळ हवेच्या डोंगरावर राहणाऱ्या मेंढ्यांच्या पोटात ती वाढतात. कमी हवेची त्यांना इतकी सवय होते की त्यांचं कॉर्टिसोल रोजच्या पातळीवर येऊन बसतं, बघणाऱ्याला वाटावं की यांना काही त्रासच नाही. पण वरून आणखी एखादा ताण आला की त्यांचं कॉर्टिसोल इतरांपेक्षा जोरात उसळतं. मी मनातल्या मनात म्हटलं, बाळा, गप्प बसलायस ते ठीक आहे, वेळ आली की उसळ.

संध्याकाळी सासूबाई आणि मावशी आल्या. सिझेरियन परवाच, हे ऐकून मावशींनी कपाळाला हात लावला. त्यांच्या हिशोबाने आठवा लागला होता. सातव्यातलं मूल जगतं, आठव्यातलं नाही, नववा लागेपर्यंत धीर धरा, असं त्यांचं म्हणणं. नवरा तोवर कॉरिडॉरमध्ये उभा राहून फोनवर वाचत होता. तो आत येऊन म्हणाला की हे इंजेक्शन म्हणजे ताणाच्या हार्मोनचंच भावंड आहे, असं लिहिलंय. सासूबाईंना तेवढंच पुरेसं झालं. आधीच टेन्शनने ही वेळ आली, त्यात टेन्शनचंच इंजेक्शन कसं द्यायचं?

मी त्यांना समजावलं, मला जमेल तेवढ्या शांतपणे, म्हणजे फार शांतपणे नाही. शेवटच्या दिवसांत पोटातल्या जिवाचं स्वतःचं कॉर्टिसोल वाढतं आणि त्यानेच फुप्फुसं पहिल्या श्वासासाठी तयार होतात. मेंढीत तर बाहेर यायची वेळसुद्धा कोकराचं कॉर्टिसोल ठरवतं. आपल्या बाळाला तेवढे दिवस मिळणार नाहीत, म्हणून बाहेरून मदत पाठवायची. माझं कॉर्टिसोल वार अडवते, पण हे औषध असं बनवलेलं आहे की वारेला ते फारसं अडवता येत नाही. ताणाचं हार्मोन म्हणजे विष नाही, त्याच्यावरच तर बाळ आत तगून आहे. एवढं बोलून मी संमतीच्या कागदावर सही केली.

"आणि एवढं करून नाही जगलं तर?" सासूबाईंनी विचारलं.

"तर मला माहीत असताना जाईल. झोपाळ्यावर बसून मी हसत असताना नाही."

त्या उठून खोलीबाहेर गेल्या. मला वाटलं, रागावल्या. मला त्या क्षणी त्याचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या एकट्याच आल्या. डबा उघडला, ताट वाढलं आणि मी जेवत असताना भिंतीकडे बघत बोलायला लागल्या. माझ्या नवऱ्याच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. झाला म्हणजे, मेलेलाच झाला. त्यांना तेव्हा आठवा होता. त्यांचे वडील मिठागरावर काम करायचे, ते कामावरच अचानक गेले. ह्या माहेरी घणसोलीला गेल्या आणि दिवसच्या दिवस रडल्या. त्यातच एक दिवस पोट शांत झालं. कुणी तपासलं नाही, कुणी काही विचारलं नाही. थोरल्या बहिणीने मात्र सगळ्यांसमोर सांगितलं की रडून रडून पोर घालवलंस. त्यावर घरातल्या सगळ्यांनी मान डोलावली आणि विषय संपला. माझ्या नवऱ्याला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. तेव्हापासून त्यांना कुठेही गरोदर बाई दिसली की ह्या म्हणतात, टेन्शन घेऊ नकोस.

मी हातातला घास ताटात ठेवला. 

मग मी म्हटलं की तो कशाने गेला हे मला सांगता येणार नाही, आता कुणालाच सांगता येणार नाही. वार निकामी झाली असेल, नाळेला गाठ पडली असेल, आणखी काही असेल. "पण आईच्या रडण्याने बाळ मरत नाही, आई. मरत असतं तर जगात माणसंच उरली नसती."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "हे मेंढ्यांचं सांगतेस की बायकांचं?"

"बायकांचं."

त्यांनी मान हलवली, माझ्या ताटातला पापड मोडून दिला आणि जेव म्हणाल्या.

दुसरं इंजेक्शन झालं. रात्रभर ठोके टिकले आणि सकाळी सिझेरियन झालं. मुलगी. डॉक्टरबाईंनी तिला उचललं तेव्हा ती ओल्या मांजराच्या पिल्लाएवढी दिसली आणि तसाच बारीक आवाज तिने काढला. पण काढला, स्वतःहून काढला. तिला लगेच काचेच्या पेटीत नेलं.

पुढचे काही दिवस मी एनआयसीयूच्या बाहेरच्या खुर्चीत काढले. टाके दुखत होते, दूध काढून द्यायचं आणि बसायचं. एका सकाळी आत धावपळ झाली आणि मुलांचे डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, बाळाचे वडील कोण? नवरा उभा राहिला. मी त्याच्याकडे बघितलं. तो त्यांच्यामागे दोन पावलं गेला आणि थांबला.

"डॉक्टर, तिची आई इथे बसलीय. तिलाच सांगा. मी पण ऐकतो."

ती श्वास घ्यायला विसरली होती. इतक्या लवकर जन्मलेली बाळं विसरतात. प्राणवायू खाली गेला, ठोके मंदावले, नर्सने तळपायाला टिचकी मारली तेव्हा ती परत घ्यायला लागली. पुन्हा होऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाले. मला टेन्शन आलं.  मी भिंतीला हात लावून उभी राहिले आणि पुढचा प्रश्न विचारला. नंतर आणखी एक विचारला. डॉक्टर कंटाळले असतील, पण उत्तरं देत राहिले.

ती आणखी काही वेळा विसरली आणि दरवेळी परत आली. वजन धरायला लागल्यावर आम्ही तिला जुईनगरला घरी आणलं. सासूबाईंनी दाराबाहेर साबण आणि बादली ठेवली होती, हात धुतल्याशिवाय सेक्रेटरींच्या आईलाही आत सोडत नव्हत्या.

काही दिवसांनी घणसोलीहून मावशी बघायला आल्या. हात धुऊन आत आल्या, दुपट्यात गुंडाळलेलं ते एवढंसं तोंड बघितलं, दुपट्याच्या बाहेर आलेले काटकुळे पाय बघितले आणि उसासा टाकला. मग माझ्याकडे न बघता सासूबाईंना म्हणाल्या की हिने पोटात असताना टेन्शन फार घेतलं असणार. नोकरी, ती पुस्तकं, आणि त्या दिवशी भर कार्यक्रमातून तणतणत उठून जाणं. पोरीने ते सगळं अंगावर घेतलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. माझ्याकडे उत्तर तयारही होतं आणि ते सौम्य नव्हतं. पण सासूबाई लंगोटांच्या घड्या घालत होत्या, त्यांनी हातातली घडी खाली ठेवली. आमच्याशी त्या नेहमी आमच्यासारखंच बोलतात. त्या दिवशी बहिणीशी बोलताना त्यांच्या तोंडी माहेरची बोली आली.

"टेन्शन नाय झाला हिला, बाय. वार कमी पडली. पोरीनी आतल्या आत स्वताचा स्वता भागवला."

मावशी म्हणाल्या, तरी पण आईने जपायला नको का.

सासूबाई उठल्या आणि बहिणीच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज चढला नाही.

"माजा पैला गेला ना, तो मी रडले म्हनून नाय गेला. मला बोललीस तेवढा पुरे झाला. हिला बोलायचा नाय."